नऊ नंबरचं रक्त

पहिली नळी गाडीतून उतरवल्यावर.
दुसरी, टाके पडून तास झाल्यावर,
तिसरी सहाव्या तासाला,
चौथी उद्या याच वेळी.

सुखलियाच्या पलीकडे पत्र्याची शेड,
बायपासवरचे ट्रक भिंतीला हादरे देत जातात.
गेंदालाल पुढच्या पायावरचे केस तासतो,
मी स्पिरिटचा बोळा फिरवते,
शीर अंगठ्याखाली येते
ओल्या सुतळीसारखी.

जांभळं टोपण पेशींसाठी, लाल टोपण सीरमसाठी.
सेंट्रिफ्यूज घुमतं आणि रक्त दुमजली होतं:
खाली गडद गाळ,
वर शिळ्या लिंबू सरबताचा रंग.
कॉर्टिसॉल वरच्या मजल्यावर राहतं.
हाकेसरशी येतं, धावाधाव करतं,
दुसऱ्या सकाळी आवराआवरीला लागतं.
सी-रिऍक्टिव्ह प्रोटीन मात्र
सांत्वनाला उशिरा पोचणाऱ्या मामंजींसारखं
दुसऱ्या दिवशी वळकटीसकट दारात,
आणि मग आठवडाभर हलत नाही.
साखर चढते. पांढऱ्या पेशींतली एक जात वाढते,
दुसरी कुठेतरी दडी मारते.

पाच नंबर एकदाही केकाटली नाही.
तिचा आकडा अकरा पॉइंट चार.

एक ते आठ, गर्भाशय काढलेल्या.
नऊ ते बारा नुसत्या आणलेल्या:
तीच जाळी, तीच गाडी, तेच पिंजरे,
पोटावरचे केससुद्धा काढलेले,
फक्त सुरी नाही.
तुलनेसाठी.

नऊ नंबर नंदलालपुऱ्याच्या भाजीबाजारातली,
कानाला जुनी फाट,
शेपटी, गेंदालाल म्हणतो, जलेबी.
तिसऱ्या नळीत तिचा आकडा
चिरलेल्या आठांपैकी पाचजणींच्या वर.

डॉक्टर नरगुंदे म्हणाले, किट खराब असेल, पुन्हा लाव.
पुन्हा लावलं. तेवढाच.
मग म्हणाले, एकटीमुळे सगळी सरासरी बिघडते,
वगळू या.
वाईट माणूस नाही.
भूल उतरेपर्यंत प्रत्येकीवर गोणपाट घालून
स्वतः शेजारी उकिडवे बसतात,
चहा तिथेच मागवतात, आणि तो गार होतो.

गेंदालालला रकान्यांतलं काही कळत नाही.
खराटा थांबवून तो म्हणाला,
"इसने गिना है, मैडम.
आठ को अंदर जाते देखा, आठ को उठा के लाते देखा."

तिचा पिंजरा ऑपरेशनच्या दारासमोर होता.
हे आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी प्लेटमध्ये एक विहीर उरली.
फुकट कशाला घालवायची,
म्हणून स्वतःचं रक्त काढायला बसले.
डाव्या हातानं जमेना.
गेंदालालनं दंड धरला, पाय धरतो तसाच,
अंगठा आत वळवून,
तोंडानं चक् चक् करत.

माझं चौदा.
यंत्राला कुत्र्यांच्याच मर्यादा ठाऊक.
त्यानं चौदाशेजारी वर जाणारा बाण काढला.
भिंतीवरच्या माणसांच्या तक्त्यात पाहिलं:
चौदा, वेळ सकाळची,
अगदी ठीक.

बाण मी खोडला नाही.
कागद डब्याखाली ठेवला,
दुपारी डबा उचलल्यावर
त्यावर भाजीच्या तेलाचा गोल उमटला होता.

सोमवारी नऊ नंबरची पाळी.
रविवारी सुट्टी असून गेले,
आम्ही दोघांनी तिचा पिंजरा फिरवला,
तोंड भिंतीकडे.
ती आत गोल वळली, एकदा,
मग बसली, दाराकडे पाठ,
दोन्ही कान मात्र मागे.

"अब कान से गिनेगी," गेंदालाल म्हणाला.

वहीत मी पेन्सिलनं एक नवा रकाना आखला:
पिंजऱ्याची दिशा.
पट्टी सापडली नाही, रेघ वाकडी आली.